नखानं खोड चिरताना

आज शहराला सुट्टी आहे, मारबतीची.
महालातले ढोल ऐकू येतात
की मलाच तसं वाटतं, ठाऊक नाही;
महाराजबागेपर्यंत आवाज यायला
वारा तिकडचा हवा.

मी प्रयोगशाळा उघडलीय, कारण
पिशव्या सुट्टी पाळत नाहीत.
काल संध्याकाळी कुणीतरी दाराच्या कडीला
प्लॅस्टिकची पिशवी अडकवून गेलं:
हिंगण्याचं सोयाबीन, तोंड करकचून बांधलेलं,
आत पानं स्वतःच्याच घामात शिजलेली.
आता त्यावर जी बुरशी आहे ती
शेतातली की पिशवीतली,
हे देवालाही सांगता यायचं नाही.
(वर्तमानपत्रात गुंडाळून आणा,
असं मी फाटकावर लिहून लावलंय.
लोक थांबून वाचतात,
हातात पिशवी असते.)

फोनवर तेवीस फोटो.
एकात पान कमी, अंगठा जास्त.
एकात नुसता बांध आणि कुणाची तरी बैलजोडी,
शिंगांना बेगड, खाली प्रश्न:
तांबेरा हाय का जी?

तांबेरा सांगली-कोल्हापूरकडचा पाहुणा,
इकडे क्वचितच फिरकतो,
फोनवर मात्र दर पोळ्याला येतो.
मी लिहिते: पान उलटं करा.
खालून बोट फिरवा.
बोट तांबूस झालं तर कळवा.
नाही झालं तर हात धुऊन जेवायला बसा,
कालच्या पुरणपोळ्या उरल्या असतील.

ठवकरकाका निवृत्त झाले तेव्हा
त्यांनी मला हे भिंग दिलं, दहापट दाखवणारं,
दांडी पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळलेली.
म्हणाले, पोरी, नाव घाईनं घेऊ नको.
नाव घेतलं की डोळे पाहायचे थांबतात.

दहाला वच्छला भोयर आल्या, कळमेश्वरहून,
अख्खं झाड उपटून, मुळांसकट, ढेकळासकट,
जुन्या लुगड्याच्या फडक्यात.
वरची पानं पिवळी होती.
मी उभ्याउभ्याच म्हणाले, पिवळा मोझॅक.
ही बुरशी नाही बाई, विषाणू आहे,
पांढरी माशी आणते.

त्यांनी फडकं पुरतं सोडलं.
"दुपारी मान टाकते जी,
सकाळी पुन्हा उभी राह्यते.
चार दिस असंच.
पाचव्या दिशी सकाळी बी उठत नाही.
पानं वाळते पन गळत नाही,
झाडालेच धरून राह्यते.
अन् फक्त मुरमाच्या पट्ट्यात."

पुस्तकात याला दीड पान लागतं.

मी अंगठ्याच्या नखानं खोड चिरलं,
जमिनीलगत, साल सोलून.
आत राखाडी.
राखाडीत बारीक काळे कण,
शिसपेन्सिलला टोक काढताना
वहीवर जी पूड सांडते, तशी.
भिंग खिशातच राहिलं.

चारकोल रॉट, मी म्हणाले, या वेळी हळू.
"आमच्याकडं याले कोळसा म्हन्ते."
नाव त्या घरूनच घेऊन आल्या होत्या.
त्यांना फक्त विचारायचं होतं: औषध?

फॉर्मवर 'उपाय' असा रकाना आहे.
वाळलेल्या झाडांसाठी त्यात काही लिहिता येत नाही.
मी लिहिलं: उपटून जाळा. पावसानं ताण दिला
तर मुरमाच्या पट्ट्याला आधी पाणी.
पुढल्या पेरणीला बियाण्यावर ट्रायकोडर्मा,
तीही बुरशीच, पण आपल्या बाजूची.
"म्हंजे चोरावर चोर," त्या म्हणाल्या,
आणि आल्यापासून पहिल्यांदा हसल्या.
फडकं झटकून, घडी करून परत नेलं.

तिकडे आता पिवळी आणि काळी
समोरासमोर आल्या असतील,
गल्लीभर माणसं ओरडत असतील,
रोगराई घेऊन जा म्हणून.
मी नोंदवहीत लिहिलं:
भोयर, कळमेश्वर, मुरूम. कोळसा.
चारकोल रॉट कंसात टाकलं.

दुपारी डबा खाताना पाहिलं,
नखात अजून काळं होतं.
हिंगण्याच्या पिशवीचं काहीच ठरलेलं नाही.